न्यू हॅम्पशायरचा कौल

१७ ऑगस्ट १९६७. वॉशिंग्टनमध्ये सेनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीची बैठक चालू होती आणि साक्षीला होते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री निकोलस कात्झेनबाख. व्हिएतनाममध्ये त्या वेळी अमेरिकेचे साडेचार लाखांच्या आसपास सैनिक होते. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. तो ठराव तर काँग्रेसने कधी केलाच नव्हता. मग हे युद्ध कोणाच्या अधिकाराने चालले आहे, असा समितीचा प्रश्न होता. कात्झेनबाख म्हणाले, युद्ध रीतसर पुकारण्याची पद्धत आता कालबाह्य झाली आहे. १९६४ सालचा टोंकिन आखाताचा ठराव हीच जवळजवळ युद्धाची घोषणा समजावी.

ज्यांनी तो ठराव मंजूर केला होता, त्यांच्यासमोरच हे सांगितले जात होते. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामने दोनदा हल्ले केले, असे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जाहीर केले. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. त्या तापलेल्या हवेत काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना योग्य ती पावले उचलण्याची मोकळीक दिली. कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात मत देणारे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग त्या दिवशी एकाकी पडले होते. ८८ जणांमध्ये मिनेसोटाचे सेनेटर यूजीन मॅकार्थी यांचेही मत होते.

कात्झेनबाख यांचे उत्तर ऐकून मॅकार्थी बैठकीतून उठून बाहेर पडले. सभागृहात या प्रश्नाचा निकाल लागणार नसेल, तर तो आता लोकांपुढेच न्यायला हवा, असे त्यांनी बाहेर एका पत्रकाराला सांगितले. लोकांपुढे नेणे म्हणजे काय, हे मात्र अजून त्यांचे त्यांनाही ठरलेले नव्हते. त्याच सुमारास दुसरा एक माणूस नेमका असाच उमेदवार शोधत देशभर हिंडत होता.

त्याचे नाव अ‍ॅलार्ड लोवेनस्टाइन. वय ३८, पेशाने वकील, नागरी हक्कांच्या चळवळीत मिसिसिपीपर्यंत जाऊन काम केलेला, महाविद्यालयांतल्या मुलांशी जमवून घेणारा. कर्टिस गान्स या सहकाऱ्याला हाताशी धरून त्याने १९६७ च्या उन्हाळ्यापासून एकच ध्यास घेतला होता: युद्धाला विरोध करणाऱ्याने जॉन्सन यांना त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवारीसाठी आव्हान द्यायचे. जॉन्सन यांनी १९६४ मध्ये ६१ टक्के मते मिळवून निवडणूक जिंकली होती आणि त्या प्रचारात, आशियातल्या मुलांनी लढायची लढाई लढायला आपण अमेरिकन मुलांना पाठवणार नाही, असे आश्वासन दिले होते. वर्ष उलटायच्या आत मुले रवाना झाली. तरीही सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला, तेही युद्ध चालू असताना, स्वपक्षातून आव्हान देणे म्हणजे राजकीय आत्महत्या, असेच सगळे जाणते लोक मानत होते.

लोवेनस्टाइन आधी गेला सेनेटर रॉबर्ट केनेडी यांच्याकडे. त्यांचे मन युद्धाविरुद्ध होते, पण त्यांनी नकार दिला. निवृत्त जनरल जेम्स गॅव्हिन यांच्याकडे विचारणा झाली, तिथेही जमले नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ यांचे नाव पुढे आले. १९६१ ते १९६३ या काळात ते दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाचकांना ते परिचित आहेत. युद्धाविरुद्ध ते उघड बोलत होते, पण जन्म कॅनडातला, त्यामुळे घटनेप्रमाणे त्यांना राष्ट्राध्यक्ष होताच येत नव्हते. साउथ डकोटाचे जॉर्ज मॅकगव्हर्न मनाने बरोबर होते, पण १९६८ मध्ये त्यांनाच सेनेटवर पुन्हा निवडून यायचे होते. ज्यांची मुदत अजून शिल्लक आहे अशांना विचारा, असे त्यांनी सुचवले. त्यात मॅकार्थींचे नाव होते.

मॅकार्थींचा स्वभाव मैदान मारणाऱ्या पुढाऱ्याचा नव्हता. मिनेसोटातल्या वॉटकिन्स या लहानशा गावात जन्म, कॅथलिक संस्कार, तरुणपणी काही महिने बेनेडिक्टाइन मठात उमेदवारी, मग प्राध्यापकी. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केलेले. ते कविता करत. भाषणात आवाज चढवत नसत. गर्दीने टाळ्यांसाठी वाट पाहिली, तर हा माणूस नेमके तेच वाक्य सपाट आवाजात म्हणून पुढे जाई. कार्यकर्ते वैतागत. पण युद्धाच्या आरोळ्यांनी कान किटलेल्या देशात हा थंडपणाच काही लोकांना विश्वासाचा वाटला.

३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली. त्यांचे म्हणणे मोजके होते. उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा. वाटाघाटींना बसा. दक्षिण व्हिएतनाममध्ये जे बंदूक घेऊन लढत आहेत, त्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीला चर्चेत आणि पुढच्या सरकारात जागा असल्याशिवाय तोडगा निघणार नाही, हे मान्य करा. वाटाघाटींची ही वाट काही अनोळखी नव्हती. १९५४ मध्ये जिनिव्हात याच भूमीबद्दल करार झाला होता आणि त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे, सदस्यत्व कॅनडा व पोलंडकडे होते. त्या करारातली एकीकरणाची निवडणूक कधी झालीच नाही आणि बंदुकांनी जागा घेतली. शत्रूशी बोलणे म्हणजे शरणागती, ही समजूत मोडून काढणे हा मॅकार्थींच्या उमेदवारीचा गाभा होता. त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला त्यांच्या धोरणाइतकीच मोलाची वाटते. तरुण मुलांचा राजकारणावरचा विश्वास उडत चालला आहे, आपले कोणी ऐकतच नाही अशी हतबलता पसरते आहे. ही उमेदवारी ती हतबलता थोडी तरी कमी करील, अशी त्यांना आशा होती.

इथे अमेरिकेची पद्धत थोडी समजून घ्यायला हवी. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरतो राष्ट्रीय अधिवेशनात, प्रतिनिधींच्या मतांनी. काही राज्यांत हे प्रतिनिधी पक्षाचे मतदार ‘प्रायमरी’ नावाच्या निवडणुकीतून ठरवतात. १९६८ मध्ये अशी राज्ये थोडीच होती. बाकी ठिकाणी राज्यातले पुढारी आपापसांत प्रतिनिधी नेमत, आपल्याकडच्या तिकीटवाटपासारखेच. पहिली प्रायमरी न्यू हॅम्पशायरची, मार्च महिन्यात. मॅकार्थी तिथे उभे राहायला तयार नव्हते. राज्य सात लाखांच्या आसपास वस्तीचे, थंड, पुराणमताचे. मँचेस्टरचे ‘युनियन लीडर’ हे राज्यातले सर्वांत मोठे वर्तमानपत्र कडव्या उजव्या विचारांचे. डेमोक्रॅटिक मतदारांत मोठा भाग गिरण्यांत काम करणाऱ्या, फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या कॅथलिक कुटुंबांचा. त्यांची मुले सैन्यात होती. अशा ठिकाणी शांततेचा उमेदवार काय करणार?

डेव्हिड हो आणि गेरी स्टड्स या तिथल्या दोघा शिक्षकांनी हट्ट धरला. त्यांचे म्हणणे, राज्य लहान आहे हाच फायदा आहे. इथे पैसा नसला तरी माणसे दारोदार पोचू शकतात. जानेवारीच्या सुरुवातीला मॅकार्थींनी होकार दिला. जाणकारांचा अंदाज होता, १०-२० टक्के मते पडली तरी पुष्कळ.

आणि मग मुले यायला लागली.

येल, हार्वर्ड, डार्टमथ, आणि कितीतरी लहानमोठ्या महाविद्यालयांतून शुक्रवारी संध्याकाळी बसने, मोटारींत कोंबून, काही तर रस्त्यावर अंगठा दाखवत. रात्री चर्चच्या तळघरात, व्यायामशाळेत, एखाद्या समर्थकाच्या दिवाणखान्यात जमिनीवर पथारी. हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकणारा सॅम ब्राउन हा चोविशीतला तरुण त्यांच्या संघटनेचा कणा होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घालून दिलेला शिस्तीचा पहिला नियम होता केस कापण्याचा. १९६८ हा लांब केसांचा, दाढ्यांचा, मण्यांच्या माळांचा काळ. केस वाढवणे हेच तेव्हा बंडाचे निशाण होते. अशा मुलांनी आरशासमोर उभे राहून दाढ्या उतरवल्या, केस बारीक केले, कोट आणि टाय चढवला. मुलींनी आखूड स्कर्ट बाजूला ठेवून गुडघ्याखाली येणारे घातले. ‘जीनसाठी नीटनेटके’ अशा अर्थाची घोषणाच तयार झाली. जीन हे मॅकार्थींचे घरगुती नाव. ज्यांना दाढी सोडवत नव्हती, त्यांना कोणी हाकलले नाही. पण ते आत बसत, पाकिटे भरत, पत्ते लिहीत, मतदारांची कार्डे लावत. दारावर मात्र जायचे नाही.

दुसरा नियम याहून अवघड होता: वाद घालायचा नाही. या मुलांनी वर्षभर परिसंवाद, निदर्शने, रात्रभराच्या चर्चा केल्या होत्या. व्हिएतनामचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. तो दारात उभे राहून ऐकवायचा नाही, असे त्यांना बजावलेले होते. बेल वाजवायची, नाव सांगायचे, सेनेटर मॅकार्थींचे पत्रक हातात द्यायचे आणि घरातला माणूस काय म्हणतो ते ऐकायचे. दार उघडणाऱ्या बाईंचा भाऊ किंवा मुलगा कदाचित त्या घडीला व्हिएतनाममध्ये दानांगला असेल, हे लक्षात ठेवायचे. गुडघाभर बर्फातून चालत आलेला, थंडीने कानाच्या पाळ्या लाल झालेला, बूट ओले झालेला विशीतला मुलगा आदबीने बोलतो आहे, हे पाहून लोक त्याला आत बोलावत. कॉफी देत. मग बोलणे निघे ते महागाईवरून, करांवरून, गावातल्या एखाद्या शवपेटीवरून. मुलगा ऐके, आभार मानी, आणि बाहेर आल्यावर कार्डावर त्या घराचा कल लिहून पुढच्या दाराकडे वळे.

या मुलांपैकी बहुतेकांना त्या निवडणुकीत मत नव्हते. मतदानाचे वय तेव्हा २१ होते, आणि वय बसणारेही दुसऱ्या राज्यांचे रहिवासी होते. सक्तीच्या सैन्यभरतीला मात्र १८ वर्षे पुरत. फेब्रुवारीत सरकारने पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची भरतीतली सवलतही काढून घेतली. स्वतःला मत नसताना दुसऱ्याच्या मतासाठी बर्फ तुडवायचा, आणि तोही ज्याच्या जिंकण्याची शक्यता जवळपास नाही अशा उमेदवारासाठी, यात त्यांचा स्वार्थ थोडा होता हे खरे. कोणाला जंगलात जाऊन मरायचे होते? पण भरती चुकवायला कॅनडाची सीमा जवळ होती. ती न ओलांडता ही मुले मतदारयादी घेऊन गल्ल्यांतून फिरली.

घटनाही त्यांच्या बाजूने वळत होत्या, फार भयंकर रीतीने. नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिएतनाममधले अमेरिकन सेनापती जनरल वेस्टमोरलंड यांनी वॉशिंग्टनला येऊन युद्धाचा शेवट दृष्टिपथात असल्याचे सांगितले होते. दोन महिन्यांनी, ३० आणि ३१ जानेवारीला, तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात दक्षिणेतल्या शंभराच्या आसपास शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. राजधानी सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात शत्रू शिरला. सैनिकी हिशोबाने हे हल्ले परतवले गेले आणि हल्लेखोरांची प्रचंड हानी झाली. पण संध्याकाळच्या बातम्यांत वकिलातीच्या हिरवळीवरची प्रेते पाहणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या माणसाला एवढेच कळत होते की आपल्याला सांगितले गेले ते खरे नव्हते. २७ फेब्रुवारीला वॉल्टर क्रॉन्काइट या सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या वृत्तनिवेदकाने दूरचित्रवाणीवर सांगितले की हे युद्ध कोंडीत अडकले आहे आणि वाटाघाटी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. १० मार्चच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आले की सेनापतींनी आणखी २ लाख ६ हजार सैनिक मागितले आहेत. मतदानाला तेव्हा दोन दिवस उरले होते.

जॉन्सन यांच्या बाजूने प्रचाराची धुरा राज्यपाल जॉन किंग आणि सेनेटर थॉमस मॅकिन्टायर यांच्याकडे होती. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. त्यांच्या समर्थकांनी ते हाताने लिहायचे होते. त्यासाठी पक्षाने क्रमांक घातलेली तीन भागांची कार्डे वाटली. मतदाराने पाठिंब्याची सही करायची, एक भाग स्वतःकडे ठेवायचा, एक राज्यातल्या पक्षाकडे आणि एक थेट व्हाइट हाउसकडे जाणार. मॅकार्थींच्या लोकांनी मतदारांना साधा प्रश्न विचारला: मग गुप्त मतदानाचे काय झाले? आपल्या मताचा हिशोब कोणी ठेवतो आहे, ही कल्पनाच त्या मानी लोकांना झोंबली. शेवटच्या आठवड्यात जॉन्सनपक्षाच्या जाहिरातींनी सूर आणखी चढवला. मॅकार्थींना मत म्हणजे हनोईला, उत्तर व्हिएतनामच्या सरकारला, आनंद, असा त्यांचा रोख होता. युद्धाच्या काळात वाटाघाटी मागणाऱ्याला शत्रूचा हस्तक ठरवणे हे सगळ्या देशांतले जुनेच हत्यार आहे. पण या वेळी ते चालले नाही. शत्रूचा हस्तक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जात होते, त्याची मुले लोकांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पिऊन गेली होती. लोकांनी त्यांना पाहिले होते.

१२ मार्च १९६८ रोजी मतदान झाले. जॉन्सन यांना साडेएकोणपन्नास टक्के, मॅकार्थींना सुमारे ४२ टक्के. विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांनी आपल्या मतपत्रिकेवर हाताने लिहिलेली नावे धरली, तर दोघांत अंतर उरले केवळ २३० मतांचे. प्रतिनिधींच्या २४ जागांपैकी २० मॅकार्थींच्या पदरात पडल्या, कारण जॉन्सन यांच्या बाजूने गरजेपेक्षा फार जास्त लोक उभे राहिले आणि मते विखुरली. आकड्यांनी मॅकार्थी हरले होते, पण सगळ्या देशाने त्या रात्रीचा अर्थ उलटा लावला.

पुढे मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या मतदारांच्या मुलाखती तपासल्या, तेव्हा एक अडचणीचे सत्य बाहेर आले. मॅकार्थींना मत देणाऱ्यांत, युद्ध आणखी जोराने लढायला हवे असे वाटणारे लोक शांतता मागणाऱ्यांपेक्षा जास्त होते. जॉन्सन यांच्यावरचा राग हा त्यांना जोडणारा धागा होता. शांततेच्या बाजूच्या माणसाने हे लपवू नये. तरीही माझ्या मते त्याने त्या कौलाचे मोल कमी होत नाही. युद्ध चालवणाऱ्या सरकारवरचा विश्वास दोन्ही बाजूंनी आटला होता. त्या अविश्वासाला आधी फक्त रस्त्यावरची निदर्शने किंवा घरातली चरफड एवढ्याच वाटा होत्या. मॅकार्थींच्या उमेदवारीने त्याला मतपत्रिकेवर जागा दिली, आणि तीही चर्चेने युद्ध संपवू म्हणणाऱ्या माणसाच्या नावासमोर. त्या मुलांनी वाद घातला असता, तर त्यांना फक्त आधीच पटलेली माणसे मिळाली असती.

चार दिवसांनी, १६ मार्चला, रॉबर्ट केनेडींनी उमेदवारी जाहीर केली. बर्फात राबलेल्या मुलांना हे फार लागले. वाट आम्ही तुडवली आणि चालायला हे आले, ही भावना लपवता येण्यासारखी नव्हती. त्याच १६ मार्चला, ज्या देशातल्या युद्धावरून हे राजकारण चालले होते तिथे, व्हिएतनामच्या माय लाय खेड्यात, अमेरिकन सैनिकांनी बायकामुलांसह शेकडो निःशस्त्र माणसांना ठार केले. जगाला ते कळायला नोव्हेंबर १९६९ उजाडावे लागले. ती बातमी शोधून काढणारा पत्रकार सेमूर हर्श न्यू हॅम्पशायरच्या मोहिमेत मॅकार्थींचा प्रसिद्धिप्रमुख होता.

व्हाइट हाउसमध्ये तोवर हवा पालटत होती. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड आले होते युद्धाचे समर्थक म्हणून. सेनापतींची मागणी तपासताना, आणखी सैन्य पाठवून हे संपणार कधी, याचे उत्तर त्यांना कोणाकडूनच मिळेना. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जॉन्सन यांनी ज्येष्ठ मुत्सद्द्यांना बोलावले, तर त्यांच्यातल्या बहुतेकांनी आता मागे फिरा असा सल्ला दिला. पुढची प्रायमरी विस्कॉन्सिनची, आणि तिथले अंदाज राष्ट्राध्यक्षांना पराभव सांगत होते. ३१ मार्चच्या रात्री दूरचित्रवाणीवरून बोलताना जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरची बॉम्बफेक थांबवत असल्याचे सांगितले, हनोईला चर्चेचे आवाहन केले, आणि शेवटी जाहीर केले की आपण पक्षाची उमेदवारी मागणार नाही आणि दिली तरी स्वीकारणार नाही. त्यांच्या प्रकृतीचेही कारण होते, सल्लागारांचेही होते. एका निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष घालवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण न्यू हॅम्पशायर झाले नसते, तर बाकीची कारणे त्यांना त्या रात्री तिथवर घेऊन गेली असती, असे मला वाटत नाही. दोन दिवसांनी विस्कॉन्सिनमध्ये मॅकार्थी ५६ टक्के मते घेऊन जिंकले. १३ मे रोजी पॅरिसमध्ये अमेरिका आणि उत्तर व्हिएतनाम यांची बोलणी सुरू झाली.

यानंतरचे वर्ष दुःखाचेच आहे. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि अनेक शहरे पेटली. ओरेगॉनमध्ये मॅकार्थींनी केनेडींना हरवले, कॅलिफोर्नियात केनेडी जिंकले आणि त्याच रात्री त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जूनला ते गेले. मॅकार्थी त्यानंतर जणू विझले. सभा चालू होत्या, पण त्यांतला जीव गेला होता. तिकडे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता, राज्यांतल्या पुढाऱ्यांच्या जोरावर प्रतिनिधी जमवत होते.

ऑगस्टच्या शेवटी शिकागोत अधिवेशन भरले. तिथली खरी लढाई उमेदवारापेक्षा ठरावाची होती. बॉम्बफेक बिनशर्त थांबवा, दोन्ही बाजूंची सैन्ये मागे घ्या, सायगावमध्ये सर्वांना सामावणारे सरकार बनू द्या, असा शांततेचा ठराव २८ ऑगस्टला मतास टाकला गेला. बाजूने १०४१, विरोधात १५६७ मते पडली. युद्ध चालू असताना सत्ताधारी पक्षाच्या दर पाच प्रतिनिधींपैकी दोघांनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध उघड मत दिले. वर्षापूर्वी हे कोणाला खरेही वाटले नसते. न्यूयॉर्कचे अनेक प्रतिनिधी दंडाला काळ्या फिती बांधून उभे राहिले. त्याच संध्याकाळी बाहेर रस्त्यावर पोलिसांनी निदर्शकांना, वार्ताहरांना, बघ्यांना झोडपून काढले. पुढे सरकारी चौकशीच्या अहवालानेच त्याला पोलिसांची दंगल म्हटले. ३० ऑगस्टच्या पहाटे पोलिस हिल्टन हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर शिरले आणि मॅकार्थींच्या थकलेल्या कार्यकर्त्यांना त्यांनी मारहाण केली. दाढ्या काढून, टाय बांधून, नियमाने मत मागायला निघालेल्या मुलांच्या वाट्याला शेवटी लाठ्या आल्या.

उमेदवारी हम्फ्रींना मिळाली, पण नोव्हेंबरमध्ये ते सुमारे ५ लाख मतांनी हरले आणि रिचर्ड निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. मॅकार्थींनी हम्फ्रींना पाठिंबा दिला तो मतदानाला आठवडा उरला असताना, तोही हात राखून. त्यांची ही अढी मला समजते, पण पटत नाही. हम्फ्रींनी सप्टेंबरअखेर बॉम्बफेक थांबवण्याची तयारी दाखवली होती, आणि दोन उमेदवारांत फरक उरला होता. शांततेसाठी उभा राहिलेला माणूस स्वतःच्या दुखावलेल्या मनाला शांततेपेक्षा वर ठेवतो, तेव्हा त्याचे समर्थकच पोरके होतात. पॅरिसचा करार व्हायला जानेवारी १९७३ उजाडले. या युद्धात मेलेल्या ५८ हजारांवर अमेरिकनांपैकी २० हजारांहून अधिक निक्सन यांच्या काळात मेले. व्हिएतनामी माणसे तर लाखोंनी.

मग हाती काय लागले? मला महत्त्वाचे वाटते ते त्या मुलांचे पुढचे काम. शिकागोनंतर ती पांगली असती तरी कोणी दोष दिला नसता. सॅम ब्राउन आणि मॅकार्थींच्या मोहिमेतले इतर काही जण वर्षभरात पुन्हा कामाला लागले, आणि १५ ऑक्टोबर १९६९ रोजी देशभर युद्धविरोधी बंद पाळला गेला. लहान गावांत, चर्चमध्ये, शाळांत, लाखो सामान्य माणसे त्यात उतरली. लोवेनस्टाइन १९६८ मध्येच काँग्रेसवर निवडून आला, गेरी स्टड्स १९७२ मध्ये. पक्षातल्या संतापामुळे मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या आयोगाने प्रतिनिधी निवडीचे नियम बदलले, पुढाऱ्यांची मक्तेदारी मोडली आणि उमेदवार निवडण्याचा हक्क प्रायमरीतल्या मतदाराकडे गेला. १९७१ मध्ये घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय १८ वर आणले. १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकारांचा कायदा केला: सैन्य लढाईत उतरवल्यावर राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि संमती नसेल तर ठरावीक मुदतीत सैन्य परत आणायचे. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या कायद्यातून अनेकदा पळवाटा काढल्या, पण प्रश्न विचारायला निदान कायद्याचा आधार आला.

युद्धाऐवजी बोलणी निवडणाऱ्या उमेदवाराच्या मागे उभे राहणे हे नेहमीच अडचणीचे असते. युद्ध मागणाऱ्याला झेंडा आयता मिळतो. वाटाघाटी मागणाऱ्याला आपली देशभक्ती दारोदार सिद्ध करावी लागते. त्याच्याकडे विजयाचे चित्र नसते, फक्त कमी मरणांचे आश्वासन असते, आणि न झालेली मरणे कोणाला मोजता येत नाहीत. म्हणून अशा उमेदवाराचे खरे भांडवल त्याचे समर्थक असतात. १९६८ च्या त्या मुलांनी हे काम कसे करावे ते दाखवून दिले: ज्याचे मत हवे त्याला लाज वाटेल असे बोलायचे नाही, त्याचे दुःख आधी ऐकायचे, आणि युद्धाला विरोध हा त्याच्या मुलाच्या बाजूनेच आहे हे वागण्यातून पटवायचे. उमेदवार थकला तरी कार्यकर्त्याने थकायचे नाही, हेही त्यांनीच दाखवले. मॅकार्थी २००५ मध्ये गेले. राष्ट्राध्यक्ष ते कधी झाले नाहीत. पण एका बलाढ्य देशाला युद्धाच्या ऐन भरात बोलण्याच्या मेजाकडे वळवता येते, आणि ते काम मतदारयादी, कार्ड आणि चालणारे पाय यांच्या बळावर सुरू करता येते, हे त्यांच्या समर्थकांनी सिद्ध केले. ज्याला आपल्या देशात, आपल्या काळात हे करायचे आहे, त्याने निवडून येण्याची खात्री होईपर्यंत थांबू नये.